मामाने सांभाळायला दिलेला फ्यूज

माझा मामा लिफ्टवाला होता. म्हणजे लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबणारा नव्हे. लिफ्ट बिघडली की तिच्या पोटात शिरून तिला ताळ्यावर आणणारा. हा फरक नीट सांगितला नाही की तो भडकायचा, आणि आता त्याच्या वतीने भडकायचं काम माझ्याकडे आलंय, म्हणून आधीच सांगून टाकलं.

बुटका, गोलमटोल, टक्कल पडायला लागलेलं, आणि बोलण्यात कुणाला हार जाणार नाही असा माणूस. कानामागे पेन्सिल, खिशात चिंधी, हाताला कायम ग्रीसचा वास. घरी आला की साबणाने तीनतीनदा हात धुवायचा, आणि तरी मामी शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "अहो, पडद्याला हात लावू नका." ती शाळांचे गणवेश शिवायची. घरभर निळ्या कापडाचे गठ्ठे असायचे आणि मामा त्यांच्यातून चोरासारखा अंग चोरून चालायचा.

गंमत म्हणजे हा माणूस घरातला पंखा पुसायला स्टुलावर चढत नसे. म्हणे गरगरतं. मामी म्हणायची, "आणि आठ मजल्यांच्या खड्ड्यात बरं गरगरत नाही?" त्यावर मामाचं उत्तर ठरलेलं: "तिथे अंधार असतो गं, खालचं दिसतंच कुठे?"

मला मात्र त्या खड्ड्याची भयंकर भीती वाटायची. लिफ्टचा दरवाजा उघडलेला आणि समोर लिफ्टच नाही, नुसती काळी उभी पोकळी, तिच्यातून येणारी गार हवा आणि कुठेतरी वर लटकणाऱ्या तारा. मी नऊ वर्षांची होते. आई नोकरीला जायची, म्हणून सुट्टीत मी मामाकडे. त्या वर्षी मामाचा मदतनीस दुसरीकडे लागला आणि नवा मिळेना. मामी नको नको म्हणत असताना मामाने मला कामावर नेलं. "बसायचं तर आहे तिला," तो म्हणाला. "घरी बसते ती तिथे बसेल."

काम खरंच बसण्याचं होतं. तळमजल्यावर मीटरची खोली होती. मामा आधी तिथे जाऊन लिफ्टचा मुख्य फ्यूज काढायचा. मुठीत मावेल एवढा, पांढऱ्या चिनीमातीचा. तो काढला की लिफ्ट मेली. मग मामा वर जाऊन लिफ्टच्या टपावर उभा राहायचा आणि आतले रूळ, दोर, चाकं साफ करायचा. फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवायची सोय नव्हती, कारण वाकला की त्याच्या खिशातून सगळं जग बाहेर पडायचं. एक फ्यूज असाच खड्ड्यात पडून फुटला होता. शिवाय खाली कुणी नसलं आणि एखाद्या दीडशहाण्याने दुसरा फ्यूज आणून बसवला, तर? म्हणून मीटरच्या खोलीच्या दाराशी माणूस हवा आणि फ्यूज त्याच्या हातात हवा. तो माणूस म्हणजे मी.

पहिल्याच आठवड्यात मी चुकले.

इमारतीचे राखणदार होते. मामा त्यांना फौजदार म्हणायचा, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. मोठ्या मिशा, मऊ आवाज. ते आले आणि म्हणाले, "पोरी, मामाने फ्यूज मागितलाय. दे लवकर." मी दिला. का नाही देणार? ओळखीचा माणूस, मामाचा दोस्त.

थोड्या वेळाने मामा खाली आला. त्याचा तसा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. त्याने माझा हात धरला, किल्लीने लिफ्टचा तळमजल्यावरचा दरवाजा उघडला आणि मला वर बघायला लावलं. डोक्यावर, खूप वर, लिफ्टचा काळा तळ लोंबकळत होता.

"त्याच्या टपावर मी उभा होतो," तो म्हणाला. "ती अचानक वर गेली असती तर वर काय आहे?"

"छत," मी म्हटलं.

"आणि मध्ये?"

 मला उत्तर येत होतं. मी मामाचा शर्ट मुठीत धरला.

मग त्याने सांगितलं की मला दिलेला फ्यूज जळका होता. खरा त्याच्याजवळच होता. त्याने फौजदारांना मुद्दाम पाठवलं होतं, मला बघायला. "पण आता खरा देणार आहे. आणि ऐक, साहेब." मला तो साहेब म्हणायचा. "मी स्वतः तुझ्यासमोर उभा राहून मागेन तेव्हाच द्यायचा. दुसऱ्या कुणी मागितला तर नाही. दम दिला तरी नाही. रडून मागितला तरी नाही. मी मेलोय म्हणून सांगितलं तरी नाही. समजलं?"

समजलं. इतकं समजलं की संध्याकाळी मला ताप भरला. मामीने मामाला फैलावर घेतलं. "पोरीला घाबरवून काय मिळालं तुम्हाला?" मामा म्हणाला, "अगं, घाबरली तरच माझा जीव सांभाळेल ना." चेष्टेने म्हणाला की खरं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यानंतर परीक्षाच परीक्षा. फौजदारांनी गोळ्या दिल्या, मी खाल्ल्या आणि फ्यूज दिला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई मामाच्या नावाची चिठ्ठी घेऊन आल्या. चिठ्ठी मी वाचली आणि परत केली. एकदा फौजदार लंगडत आले, "पडलो गं, पाय मोडला, वर जायचंय, लिफ्ट लाव," असं म्हणत खोटंखोटं रडले सुद्धा. मी ढिम्म. मामा जिन्याच्या वळणावर लपून बघत होता. तो टाळ्या वाजवत खाली आला आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझा जीव हिच्या खिशात आहे, आणि तो बँकेपेक्षा सुरक्षित आहे!" मी अभिमानाने फुगले होते. मला इतका मान त्याआधी कुणी दिला नव्हता.

एवढं सगळं सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. लोक म्हणतात, लहान पोर, तिला काय कळतंय. मला सगळं कळत होतं. घोळ झाला तो त्यामुळेच.

तो दिवस भयंकर उकाड्याचा होता. मामा फ्यूज माझ्या हातात देऊन वर गेला. जाताना जिन्याच्या पहिल्या पायरीवर जरा थांबला, चिंधीने मान पुसली आणि म्हणाला, "आज जिनाच लांबलाय वाटतं." मी हसले.

अर्धा तास गेला असेल. जिन्यावरून धडधड पावलं आली. फौजदार. धापा टाकत, मिशांना घाम, टोपी कुठेतरी पडलेली.

"फ्यूज दे. लवकर. मामा आठव्यावर पडलाय. त्याला खाली आणायचंय."

मी हसले. देवाशप्पथ, हसले. म्हटलं, "काका, आज चांगलं जमलंय नाटक."

"नाटक नाही गं पोरी! छातीत कळ आलीय त्याच्या. बाहेर आलाय तो, आत नाही आता कुणी. दे, दे."

"मामा येऊन मागेल तेव्हा देईन."

ते माझ्यापुढे खाली बसले. हात जोडले. डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि मी मनात म्हणतेय, हे मागच्या वेळेला पण रडले होते. फक्त ह्या वेळेला आवाज निराळा होता, आणि त्याची मला भीती वाटली. पण भीती वाटली की माझ्या डोळ्यांसमोर तो काळा तळ यायचा, आणि वर छत, आणि मध्ये मामा. मी मूठ आणखी घट्ट केली. त्यांनी माझी बोटं सोडवायला सुरुवात केली तेव्हा मी त्यांच्या हाताला कडकडून चावले. रक्त आलं. ते ओरडले, मी सुटले आणि पाण्याच्या टाकीमागच्या सापटीत शिरले. मोठ्या माणसाला तिथे शिरता येत नव्हतं.

"अगं मरेल गं तो!" ते बाहेरून म्हणाले.  मग पावलं पुन्हा वर गेली.

त्यांना विजेतलं काही कळत नव्हतं. दुसरे फ्यूज मामाच्या पिशवीत होते, पिशवी लिफ्टच्या टपावर राहिली होती, आणि ते शोधून लावणारा एकच माणूस त्या इमारतीत होता.

टाकीमागे ओल होती.  मामा आता येईल, टाळ्या वाजवेल, असं मी स्वतःला सांगत होते. टाळ्या वाजल्या नाहीत. बऱ्याच वेळाने जिन्यावर आवाज आले, पण ते धावण्याचे नव्हते. खूप पाय, हळूहळू. कुणीतरी म्हणत होतं, "डोकं धरा, डोकं धरा. वळण आलं."

मी सापटीतून बाहेर आले.

खुर्चीत बसवून, चादरीने छातीशी बांधून मामाला आणत होते. पुढे दोघं, मागे फौजदार. मामाचा चेहरा राखाडी झाला होता आणि मान एका बाजूला पडली होती. एका पायात चप्पल नव्हती. तो मामा होता आणि मामा नव्हता.  मी खुर्चीशेजारून धावत ओरडले, "मामा, फ्यूज देऊ? मामा, मागितलास ना? देऊ?"

त्याने डोळे उघडले नाहीत. कुणीतरी मला बाजूला ढकललं. गाडी आली, त्याला आत घातलं, दार लागलं. फौजदारांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, मग ते पुढे बसले आणि गाडी गेली.

मामा दवाखान्याच्या दारातच गेला. हे मला तासाभराने शिक्षिकाबाईंनी सांगितलं, म्हणजे सांगितलं नाही, मला जवळ घेतलं. त्यावरूनच मला कळलं.

त्यानंतरचे तीन दिवस मी जन्मात विसरणार नाही. फ्यूज माझ्या फ्रॉकच्या खिशात होता. तो मी आधी दप्तरात घातला, मग उशीखाली, मग निळ्या कापडाच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली. तिथे घातला आणि वाटलं, मामी आत्ता तोच गठ्ठा उघडेल. ती गठ्ठ्याजवळून गेली की माझ्या तोंडचं पाणी पळायचं. दाराची घंटा वाजली की वाटायचं, पोलीस. जिन्यावर जड पाऊल वाजलं की त्याहून वाईट वाटायचं: मामा. तो येईल, समोर उभा राहील आणि हात पुढे करून म्हणेल, दे आता. ज्याच्या कडेवर मी वाढले त्या माणसाची मला भीती वाटत होती. हे कुणाला सांगणार? मी रडले नाही. सगळे म्हणाले, पोर मोठी धीराची. धीराची कसली डोंबलाची! मला रडायचीही भीती वाटत होती, कारण रडता रडता तोंडातून निघून जाईल असं वाटायचं.

घरात माणसं येऊन बसत होती. प्रत्येक जण तेच बोलायचा. लिफ्ट चालू असती तर. दहा मिनिटं तरी वाचली असती. आठ मजले, खुर्चीवरून! फ्यूज गेला कुठे पण? आई तोंडात पदर धरून बसायची. मामी कुणाला उत्तर देत नव्हती. ती मामाच्या शर्टांच्या घड्या घालायची, मोडायची, पुन्हा घालायची.

मी वाट बघत होते ती फौजदारांची. त्यांना सगळं माहीत होतं. ते आले, हाताला पट्टी बांधून. दाराजवळच उभे राहिले. कुणीतरी विचारलं, "हाताला काय झालं?"

"कुत्रं चावलं," ते म्हणाले.

"आणि फ्यूजचं काय हो?"

"माझ्याकडेच होता. गडबडीत कुठे पडला, सापडला नाही."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं होतं की ते सांगणार नाहीत तर माझी सुटका होईल. कसली सुटका!  मला जेवण जाईना.

चौथ्या दिवशी दुपारी इमारतीचे सेक्रेटरी आले. सोबत फौजदार, मान खाली. सेक्रेटरींनी टाईप केलेला कागद मामीपुढे ठेवला. राखणदाराच्या हलगर्जीपणामुळे लिफ्ट बंद राहिली, त्यामुळे मदत मिळायला उशीर झाला, त्याला कामावरून काढावं. "वहिनी, तुमची सही झाली की आजच काढतो ह्याला. बेजबाबदार माणूस! फ्यूजसारखी वस्तू हरवतो म्हणजे काय?"

मामीने पेन उचललं.

मी दाराआड होते. मला अजून आठवतं, माझा फ्रॉक ओला झाला होता. नऊ वर्षांची घोडी, आणि फ्रॉक ओला. त्याचीही लाज नव्हती वाटत, एवढी मी भ्यायले होते. फौजदारांच्या पट्टीकडे बघितलं. मग गठ्ठ्यापाशी गेले, सगळं निळं कापड जमिनीवर उपसून टाकलं आणि फ्यूज आणून त्या कागदावर ठेवला.

"माझ्याकडे होता," मी म्हटलं. "काकांनी मागितला. मी दिला नाही. मी त्यांना चावले."

"वहिनी, पोरीला धक्का बसलाय," फौजदार घाईघाईने म्हणाले. "काहीबाही बोलतेय. मीच दिला असेल तिच्याकडे..."

"तुम्ही गप्प बसा," मामी म्हणाली. चार दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "का दिला नाहीस?"

मी सगळं सांगितलं. जळका फ्यूज, छत, परीक्षा, गोळ्या, लंगडणं. रडून मागितला तरी नाही. मी मेलोय म्हणून सांगितलं तरी नाही.  सेक्रेटरींनी घसा खाकरला आणि म्हणाले, "म्हणजे ह्या एवढ्याशा पोरीपायी..."

मामीने तो कागद उचलून त्यांच्या हातात दिला, सही न करता. "उन्हाचे आलात. आता निघा," ती म्हणाली. त्यांच्यामागून फौजदारही गेले. दारातून त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, आणि ह्या वेळी मला एका क्षणात ओळखता आलं की ते खरं आहे.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. मी विचारलं, "मामी, मामा माझ्यामुळे मेला का?"

कुणीही म्हणालं असतं, नाही गं बाळा. आई म्हणाली असती. मी तेच ऐकायला उभी होते. मामीने जमिनीवरचं एक निळं कापड उचललं आणि त्याची घडी घातली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारलं मी. ते म्हणाले, लवकर आणलं असतं तर कदाचित, आणि कदाचित नाहीही. तुला खोटं सांगून काय करू? तू मामाचं ऐकलंस. चूक तुझी नाही. हे मला कळतंय. पण मला राग आलाय. त्यांचा आलाय, त्या फौजदाराचा आलाय, आणि तुझाही आलाय. तो जाईपर्यंत तू आईकडे राहा."

तेव्हा मी रडले. तीन दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. मामीने मला जवळ घेतलं नाही. पण ओला फ्रॉक तिने बदलला, स्वतःच्या हाताने, आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली.

आईने मला घरी नेलं. शाळा सुरू झाली. मामी आली नाही, तिचा निरोप नाही. आईला विचारलं की म्हणायची, "येईल गं. वेळ लागतो." माझी आधीची भीती पोलिसांची होती, मामाची होती, ती हळूहळू गेली. ही नवी भीती जाईना. राग कधी जातच नसेल तर? काही लोकांचा जन्मभर जात नाही, हे मला माहीत होतं. मामा एकदम गेला होता, मामी मात्र रोज थोडी थोडी चालली होती. लिफ्टमध्ये मी पाय ठेवत नव्हते, ते वेगळंच. मैत्रिणी हसायच्या.

वर्ष गेलं. सुट्टी लागली त्या दिवशी शाळा सुटली, आणि फाटकाशी पोरांच्या गर्दीत मामी उभी होती. हातात कापडी पिशवी, केस जरा पांढरे झालेले. मी जागच्या जागी थिजले. पुढे जायची हिंमत होईना, मागे पळायचीही होईना. पोरं मला धक्के देत बाहेर पडत होती. शेवटी तीच पुढे आली.

"किती वाळलीयस! आई खायला घालते की नाही?"

माझ्या तोंडातून कसंबसं निघालं, "मामी, राग गेला?"

तिने माझ्या खांद्यावरचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला लावलं.

"नाही गेला," ती म्हणाली. "थोडा आहे अजून. पण सुट्टी लागली ना तुझी? चल घरी."